पायाची परीक्षा

अभियंत्यांसाठी योजिलेल्या व्याख्यानांत यशस्वी प्रकल्पांइतकेच खचलेल्या बांधकामांनाही स्थान असावयास हवे. वाराणसीत दोन्ही प्रकारची उदाहरणे आढळतात.

ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी सुमारे १८३० साली येथे शिंदे घाट बांधविला. दगडी काम भव्य होते. परंतु त्याचा भार तीरावरील मातीस पेलला नाही. घाट खचला व पुढे त्याची पुनर्बांधणी करावी लागली. शेजारचे रत्नेश्वर मंदिर आजही कललेले दिसते.

१८८७ मध्ये खुला झालेला डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल, विहिरींच्या पायावर उभा आहे. अशा पोकळ विहिरीच्या तळातील गाळ उपसला की ती स्वतःच्या भाराने खाली उतरते. पुरात नदीचा तळ जेथवर खरवडला जातो, त्याच्याही बऱ्याच खाली ती न्यावी लागते.

तथापि, पाया भक्कम असला म्हणजे काम संपले असे नव्हे. १५ मे २०१८ रोजी याच नगरात, बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या तुळया खालच्या वाहनांवर कोसळून अनेकांचे प्राण गेले. अपुरे बांधकामही प्रत्येक टप्प्यावर स्थिर असले पाहिजे, हा धडा व्याख्यानात प्रथम सांगावयास हवा.