संगणक बदलला, परवान्याचे काय?

समजा तुमच्या शाळेतल्या संगणक कक्षात पावसाळ्यात वीज आली-गेली आणि एका संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्तीला आलेले कारागीर म्हणतात, "सर, हा आता ठेवण्यात अर्थ नाही, नवाच घ्या." त्यावर मुख्याध्यापक विचारतात, "यंत्र गेले ते गेले. पण त्यावरच्या विंडोजचे पैसे आपण वेगळे मोजले होते. ती नव्या यंत्रावर घालता येणार नाही का?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर कधी 'हो' असते, कधी 'नाही', आणि ते ठरवण्यासाठी थोडे विज्ञान, थोडे गणित आणि थोडा कायदा अशा तिन्ही गोष्टी लागतात.

प्रथम हे पाहू की मुख्याध्यापकांनी पैसे मोजून विकत घेतले ते काय. खुर्ची विकत घेतली की खुर्ची आपली होते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाची कार्यप्रणाली. ती विकत घेतली असे आपण बोलतो खरे, पण हाती येतो तो परवाना, म्हणजे वापराची परवानगी. असे का? कारण संगणक चालू करताना कार्यप्रणालीची प्रत हार्ड डिस्कवरून स्मृतीमध्ये उतरवली जाते. प्रत केल्याशिवाय ती चालतच नाही, आणि प्रत करण्याचा हक्क कायद्याने लेखकाचा. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि संगणक-आज्ञावलींची गणना 'साहित्यकृतीं'त होऊ लागली. तेव्हा कायद्याच्या डोळ्यांनी पाहिले तर विंडोज आणि कादंबरी एकाच कपाटात बसतात! याच कायद्याने, ज्याच्याकडे आज्ञावलीची रीतसर प्रत आहे त्याला ती वापरण्यापुरती आणि नष्ट होण्याच्या भीतीने जपून ठेवण्यापुरती प्रत करण्याची मुभाही दिली आहे.

आता कंपनीची अडचण पाहा. कादंबरी हाताने उतरवायची तर आठवडे जातील, आज्ञावलीची प्रत काही मिनिटांत होते. एकाने पैसे द्यावेत आणि पन्नास जणांनी वापरावे, हे थांबवायचे कसे? पहिला उपाय म्हणजे उत्पादन-किल्ली. ही पाच-पाच चिन्हांच्या पाच गटांची, एकूण २५ चिन्हांची असते. विंडोज एक्सपीच्या काळात त्यासाठी २४ चिन्हे वापरीत. त्यांत इंग्रजीतले स्वर नव्हते आणि शून्य व एक हे अंकही नव्हते. शून्य आणि 'ओ' यांत घोटाळा होण्याचा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. २४ चिन्हे २५ जागी मांडण्याच्या एकूण तऱ्हा २४ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ३२ च्या पुढे ३३ शून्ये इतक्या होतात. त्यांतल्या फारच थोड्या खऱ्या, कारण खऱ्या किल्लीत कंपनीची गणिती स्वाक्षरी गुंफलेली असते. मनाला येईल ते टंकून पाहणाऱ्याचा जन्म त्यात जाईल.

पण खरी किल्लीच दुसऱ्याला सांगितली तर? तिची गणिती स्वाक्षरी बिनचूकच निघणार. म्हणून २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी 'सक्रियीकरण' आणले. किल्ली एका विशिष्ट यंत्राशी बांधायची, आणि ते यंत्र ओळखायचे त्याच्या सुट्या भागांवरून. या ओळखीतले गणित मोठे गमतीचे आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळू.

यंत्रातील भागांचे क्रमांक जसेच्या तसे कंपनीकडे पाठवले तर ग्राहकाच्या खाजगीपणाला धक्का लागेल. म्हणून प्रत्येक क्रमांकाचा एक लहानसा 'संक्षेप' काढतात. तुम्ही वहीत करून पाहा. ५८२१३ ही संख्या घ्या आणि तिला ६४ ने भागा. भागाकार ९०९, बाकी ३७. आता मी तुम्हांला नुसती ३७ ही बाकी सांगितली, तर मूळ संख्या सांगता येईल का? नाही. कारण १०१ ची बाकी ३७, १६५ ची ३७, २२९ चीही ३७. संख्येवरून बाकी निघते, पण बाकीवरून संख्या निघत नाही. प्रत्यक्षातली रीत साध्या भागाकारापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची असते, तत्त्व मात्र हेच. संगणकाच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा पत्ता मिळतो. असे पत्ते दोन लाख ऐंशी हजार अब्जांहून अधिक होऊ शकतात. एक्सपी त्याचा केवळ १० बिटांचा संक्षेप घेई, म्हणजे फार तर १०२४ प्रकार. एकेका संक्षेपामागे अब्जावधी पत्ते दडलेले! त्यावरून तुमचे कार्ड नेमके कोणते हे कुणाला कळणार नाही. पण कार्ड बदलले तर संक्षेप बहुधा बदलेल, आणि यंत्राला तेवढेच हवे असते.

एक्सपी असे दहा गुण पाही: नेटवर्क कार्ड, प्रोसेसरचा प्रकार, प्रोसेसरचा क्रमांक, हार्ड डिस्क, तिच्या विभागाचा क्रमांक, चित्रपडद्याचे कार्ड, स्मृतीचे प्रमाण, सीडी चालवणारा भाग आणि डिस्क जोडणारी दोन तऱ्हांची नियंत्रके. मग चक्क मतदान होई. नेटवर्क कार्ड पूर्वीचेच असेल तर ३ मते, बाकीच्या नऊपैकी जो गुण बदलला नसेल त्याचे प्रत्येकी १ मत. एकूण मते बारा. सात मिळाली तर यंत्र जुनेच मानायचे, कमी पडली तर पुन्हा सक्रियीकरण. आता हिशेब करा. कार्ड तेच ठेवून इतर पाच गुण बदलले तर ३ अधिक ४ म्हणजे ७, निभावले. सहावा बदलला की अडले. उलट कार्डच बदलले असेल, तर आणखी तीनच गुण बदलून मते सहावर येतात आणि यंत्र 'परके' ठरते.

अडलेल्याला दूरध्वनीचा मार्ग होता. पडद्यावर ५० अंकी संख्या येई, ती फोनवर वाचून दाखवायची, पलीकडून ४२ अंकी उत्तर मिळे, ते टंकायचे. एवढे अंक न चुकता वाचणे ही एक परीक्षाच असे.

पुढच्या आवृत्त्यांत नियम बदलले आणि मदरबोर्डाचे वजन फार वाढले. आपल्या बैलगाडीचे उदाहरण घ्या. चाक मोडले म्हणून नवे घातले, जू बदलले, साटी नवी केली, तरी गाडी तीच म्हणतो. मग ती दुसरी गाडी केव्हा होते? तत्त्वज्ञ यावर वाद घालत बसतील, पण कंपनीला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मायक्रोसॉफ्टने ती मदरबोर्डापाशी ओढली. हार्ड डिस्क बदला, स्मृती वाढवा, यंत्र तेच. अधिक चांगला हवा म्हणून मदरबोर्ड बदलला तर यंत्र नवे. मात्र बिघडलेल्या मदरबोर्डाच्या जागी दुरुस्ती म्हणून दुसरा बसवला तर परवाना टिकतो. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या कारागिराने "नवाच संगणक घ्या" म्हणण्याऐवजी "मदरबोर्ड बदलू" म्हटले असते, तर शाळेची विंडोज वाचली असती. असा फरक दुरुस्तीच्या आधीच माहीत असायला हवा.

नवा संगणकच घ्यायचा तर परवाना कोणत्या जातीचा आहे हे पाहावे लागते. जाती मुख्यतः तीन. पहिली, यंत्राबरोबर कारखान्यातून आलेली, तिला ओईएम म्हणतात. ही स्वस्त पडते, कारण ती त्या यंत्रालाच जखडलेली असते. यंत्र विकले तर तीही त्याच्याबरोबर जाईल, पण एकटी दुसऱ्या यंत्रावर जाणार नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून अशा यंत्रांची किल्ली मदरबोर्डवरील फर्मवेअरच्या चिपमध्येच साठवतात. तेव्हा बोर्ड जळाला की किल्लीही त्याच्याबरोबर गेली. दुसरी जात किरकोळ विक्रीची, म्हणजे रीटेल. ती महाग, पण तिला पाय असतात. विंडोज १० च्या करारानुसार ती तुमच्याच दुसऱ्या यंत्रावर नेता येते. अट एवढीच, की आधीच्या यंत्रावरून ती काढून टाकली पाहिजे. तिसरी जात घाऊक. ती संस्थेला मिळते आणि संस्थेच्या हिशेबातच राहते. तिच्या एका प्रकारात संस्थेतले संगणक संस्थेच्याच सर्व्हरकडे हजेरी लावतात. किमान २५ संगणक हजर झाल्याशिवाय तो सर्व्हर त्यांना सक्रिय करीत नाही, आणि एकदा घेतलेली सक्रियता १८० दिवस टिकते. बाजारात कुणी अगदी मामुली किमतीत 'कायमची किल्ली' देऊ लागला तर ती अशाच एखाद्या संस्थेची असू शकते. मूळ मालकाच्या लक्षात आले की ती बंद होते आणि तुमचे पैसे बुडतात.

जात ओळखणे सोपे आहे. चालू यंत्रावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरून 'आर' दाबा. चौकट उघडेल, तीत एस, एल, एम, जी, आर ही इंग्रजी अक्षरे सलग टंका. मग एक मोकळी जागा, एक आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, आय. 'एंटर' दाबल्यावर थोड्या वेळाने जी माहिती येईल तीत ओईएम, रीटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द दिसेल. शिक्षकांना सांगून हे शाळेच्या प्रत्येक यंत्रावर करा आणि जडसंग्रह नोंदवहीत त्या यंत्रापुढे लिहून ठेवा. यंत्र बंद पडल्यावर ही चौकशी करता येत नाही.

विंडोज १० पासून आणखी एक सोय झाली. रीटेल परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवता येतो. नव्या यंत्रावर त्याच खात्याने प्रवेश करायचा आणि सेटिंग्जमधील सक्रियीकरणाच्या पानावर, आपण यंत्राचे भाग नुकतेच बदलले आहेत, असे सांगायचे. शाळेने मात्र हे खाते शाळेच्या नावे उघडावे, एखाद्या सरांच्या खाजगी नावाने नव्हे. सरांची बदली झाली की खातेही त्यांच्याबरोबर जायचे!

आता तुम्ही विचाराल, पैसे आम्ही दिले, मग कंपनीने 'हलवू नका' म्हणणे न्याय्य आहे का? हा वाद फार जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीवर छापले, की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये. एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. आपली जुन्या पुस्तकांची दुकाने याच तत्त्वावर चालतात. आज्ञावलीला हे लागू पडते का? २०१० मध्ये अमेरिकेच्या एका अपील न्यायालयाने म्हटले, की कंपनीने विक्री नव्हे तर परवाना दिला असेल आणि हस्तांतरावर बंधने घातली असतील, तर ग्राहक त्या प्रतीचा मालक नव्हेच. दोनच वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, युरोपीय न्यायालयाने उलटे सांगितले. कायमच्या वापरासाठी एकरकमी पैसे घेतले म्हणजे ती विक्रीच झाली, आणि ग्राहक ती पुढे विकू शकतो. मात्र विकताना त्याने स्वतःकडची प्रत निकामी केली पाहिजे. एकच कृती, समुद्राच्या दोन काठांवर दोन न्याय! भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार आज्ञावली हा 'माल' आहे असे ठरवले, आणि २०२१ मध्ये म्हटले की परदेशी कंपनीची अशी आज्ञावली येथे विकणे म्हणजे मालाची विक्री, कॉपीराइट देणे नव्हे. हे दोन्ही खटले करांविषयीचे होते. त्यांच्या आधारे करारातील अट मोडता येईल, असे समजू नका. मला स्वतःला युरोपीय न्यायालयाचे म्हणणे अधिक पटते, पण ज्या करारावर आपण 'मान्य' म्हटले तो वाचूनच वागले पाहिजे.

परवाना हलवला तरी एक प्रश्न उरतो. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-डागडुजी सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. जुन्या यंत्रांत ती पुष्कळदा नसते. अशा यंत्रावर लिनक्स घालता येते. तिचा परवाना उलट्या दिशेने चालतो: हव्या तितक्या यंत्रांवर घाला, प्रती वाटा, फक्त पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. केरळातील सरकारी शाळांनी हाच मार्ग धरला आहे.

जाता जाता एक गणित. एक्सपी असलेल्या एका संगणकात नेटवर्क कार्ड तसेच ठेवून चित्रपडद्याचे कार्ड, स्मृती आणि सीडीचा भाग बदलला. नवी हार्ड डिस्क घातल्यामुळे हार्ड डिस्क आणि तिच्या विभागाचा क्रमांक हे दोन्ही गुण बदलले. पुन्हा सक्रियीकरण लागेल का? आणि दुसऱ्याच दिवशी नेटवर्क कार्डही बिघडून बदलावे लागले, तर मते किती उरतील?