भावंडांची ताटातूट करू नये

नाशिक येथील द्वारका नाक्यावर मुंबई-आग्रा मार्गास पुण्याचा रस्ता मिळतो. अपघाताने, रोगाने किंवा घरातल्याच मारहाणीने एखादे घर उद्ध्वस्त झाले, म्हणजे नातलग उरलेल्या लेकरांची वाटणी करितात. मग थोरल्याचा मार्ग पुण्याकडे, मधलीचा मालेगावाकडे, आणि तान्हे आजीपाशी, असे होते. त्यांचा हेतू वाईट नसतो. एका चुलीवर तीन पोटांचा भार नको, एवढेच ते पाहतात. परंतु आईबाप गेल्यावर त्या मुलांचे जे घर शिल्लक राहिले, ते एकमेकांपाशीच असते. ह्या धड्यात आम्ही ह्याच गोष्टीचा विचार करणार आहो.

निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात तान्हा मोशे परक्या घरी वाढावयास जातो. तेव्हा त्याची बहीण नदीकाठी दूर उभी राहून त्याचे काय होते ते पाहते, आणि तिच्याच युक्तीने त्याला दाई म्हणून स्वतःची आई मिळते. परक्या घरी गेलेल्या मुलाचे आपल्या माणसांशी नाते कसे राखावे, हे त्या मुलीस कळले होते.

आपल्या प्रांतातील उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईबाप गेले. पुढे थोरली बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघेच उरली. ती दोघे पायी देशभर हिंडली, उपाशी राहिली, आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. १८८० साली श्रीनिवास वारले. तोवर दोघांनी एकमेकांस सोडले नाही.

मोठ्या आघातानंतर लहान मुलास ओळखीचा आवाज व ओळखीचा हात लागतो. आई कोणत्या नावाने हाक मारी, हे भावंडासच ठाऊक असते. ताटातूट झाली, तर दुसरेही मेले असावे, किंवा आपल्याच अपराधाने हे घडले, असे लेकरू मनात धरून बसते.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ४४ व्या कलमाप्रमाणे मुले प्रतिपालक कुटुंबात ठेविताना भावंडे एकत्र राहतील असा सर्व प्रयत्न करावयाचा असतो. वेगळे राहण्यातच त्यांचे हित असेल तेवढाच अपवाद. तरीही मुलांची व मुलींची बालगृहे निराळी, आणि तान्ह्यांची शिशुगृहे त्याहून निराळी. म्हणून कोणी बोलले नाही, तर तीन भावंडे तीन दारांत जातात.

तेव्हा सुवार्तिकांनी व मंडळीच्या पंचांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

१. निराधार मूल परस्पर कोणास देऊ नये. १०९८ ह्या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस कळवावे, आणि भावंडे किती व कोठे आहेत हे पहिल्याच दिवशी सांगावे.

२. सर्वांस ठेवून घेणारे एक घर शोधावे. भार जड असेल, तर धान्य, वह्यापुस्तके व कपडे मंडळीने वाटून घ्यावे. राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरण्यास त्या कुटुंबास साहाय्य करावे.

३. थोरल्या बहिणीस धाकट्यांची आई करू नये. तिने शाळेत जावे, खेळावे. परंतु रात्री धाकट्याने तिचाच पदर धरला, तर तो सोडवूही नये.

४. एक भावंड दुसऱ्यास इजा करीत असेल, तर वेगळे ठेवणे भाग आहे. ते समितीस सांगून करावे, लपवू नये.

५. वेगळे राहणे टळत नसेल, तर भेटीचा वार ठरवावा व तो मोडू नये. आईबापांचे एकेक छायाचित्र प्रत्येकापाशी द्यावे.

६. मुलांस विचारावे. लहानालाही आपले मत असते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : आपल्या गावी अशी ताटातूट झालेली मुले कोण आहेत? ती एकमेकांस शेवटची केव्हा भेटली? पुढील भेट कोण घडवून आणील? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून वर्ग संपवू नये, अशी आमची विनंती आहे.