मावशींचा दिवस आणि माझा कंस

फिनॉमिनॉलॉजी! नाव ऐकून घाबरू नका. तिचा जनक हुसर्ल मुळात गणितवाला, १८८३ची डॉक्टरेटही गणितातलीच. आपली गृहीतकं 'कंसात' ठेवा, म्हणजे खोडू नका, फक्त बाजूला ठेवा, हे त्याने १९१३ साली मांडलं. पुढे समाजशास्त्रवाल्यांनी ते मुलाखतींसाठी उचललं.

इलेक्टिव्हच्या प्रोजेक्टसाठी मी मेसच्या मावशींना विचारलं, "शेगडीपाशी उकडत असेल ना?"

"उकडतं की."

संपली मुलाखत! उत्तर मीच देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी नुसतं म्हटलं, "मावशी, कालचा दिवस सांगा ना." तासभर बोलल्या. शेगडीचं नावही नाही. "रात्री उष्ट्या पोळ्यांची बादली उचलायची जिवावर येतं बघ. आपणच लाटलेल्या ना."

त्यात माझ्याही होत्या. वहीत लिहून घेताना मी मान वर केली नाही.