पाचवे चाक

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की बॉनेट नंतर उघडा, आधी डिकी उघडायला सांगा. खालचा गालिचा उचला. स्टेपनी आहे का आणि असली तर तिचा आकार बाकीच्या चार चाकांइतका आहे का, ते डोळ्यांनी पाहा. सनरूफ, मोठा पडदा, सहा एअरबॅगा यांची माहिती विक्रेता आपणहून देतो. स्टेपनीचे मात्र तुम्हालाच विचारावे लागते.

2020 साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच एवढे गाडीत असेल, तर लहान प्रवासी गाडीला स्टेपनी देण्याची सक्ती राहिली नाही. जागा वाचते, विजेच्या गाडीत बॅटरी मोठी बसवता येते, असे त्यामागचे कारण. ते खोटे नाही. रुंद, गुळगुळीत महामार्गावर आणि हाकेच्या अंतरावर टायरवाला असलेल्या शहरात हा हिशेब जुळतो. मये, नार्वे, पिळगाव, साखळी, पुढे चोर्ला घाट या गोव्यातल्या आमच्या वाटांवर तो जुळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याला कारण आहे. गेल्या पावसाळ्यात बहिणीला घेऊन भाऊजी डिचोलीहून आमच्याकडे यायला निघाले. गाडी नवी. वळणावर समोरून टिपर आला म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि गटारावरच्या फुटक्या लादीची धार टायरच्या बाजूला लागली. फोन आला तसा मी छत्री, बॅटरी घेऊन पोहोचलो. डिकीत स्टेपनी नव्हती. होती एक बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. भाऊजींनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बाटली लावली. आतले पांढरे औषध फाटलेल्या जागेतून भसाभसा बाहेर आले आणि रस्त्याच्या लाल पाण्यात मिसळून वाहून गेले. बहीण म्हणाली, “अरे दादा, आता काय?” आता काहीच नव्हते. मदत क्रमांकावरच्या माणसाने ओढून नेणारी गाडी सकाळीच येईल म्हणून सांगितले.

ही बाटली कशासाठी असते ते समजून घ्या. टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जाड असतो, त्यात पोलादी तारांचा पट्टा असतो. तिथे खिळा घुसून चारसहा मिलिमीटरचे भोक पडले, तर औषध ते बुजवते आणि तुम्ही हळूहळू टायरवाल्यापर्यंत पोहोचता. बाजूचा भाग पातळ असतो आणि चाकाच्या प्रत्येक फेरीला दबतो, सुटतो. तिथली चीर औषधाने बुजत नाही आणि पॅच मारून वापरूही नये. त्या टायरचा नाद सोडायचा.

स्टेपनी असली म्हणजे काम झाले, असेही नाही. माझी जुनी गाडी पुढच्याच महिन्यात मयेच्या तळ्याजवळ बसली. स्टेपनी होती, हवा होती, जॅक-पाना होता. नट हलेना. पान्यावर उभा राहिलो तेव्हा पाना निसटला आणि नटाचे कोपरे झिजले. टायर बदलताना दुकानातल्या मुलाने एअर गनने नट आवळले होते, गन थांबेपर्यंत. छोट्या गाडीच्या नटाला साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर ताण पुरतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. गाडीसोबत येणारा पाना जेमतेम वीतभर. त्याच्या टोकावर चाळीस किलोचा जोर दिला तर शंभराच्या आसपास ताण मिळतो. मोठी गन त्याच्या दुप्पट-तिप्पट सहज आवळते. मग बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि माझ्यासारख्या धडधाकट माणसानेही रस्त्यावर तो नट सोडवायचा कसा? शिवाय स्टड ताणला जातो तो वेगळाच.

त्यात जॅक. रस्त्याची कड पावसाने भिजून लोणी झालेली. गाडी वर उचलली जाण्याऐवजी जॅकच मातीत रुतत, तिरका होत चालला. तेवढ्यात शेजारचे एक आजोबा आले. 2012 साली खाणी बंद पडेपर्यंत त्यांनी टिपर चालवला. “आधी उतरव ती,” एवढेच म्हणाले. कोणाच्या तरी अंगणातून फळीचा जाड तुकडा आणला, दोन चिरे आणले. चिरे तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाच्या पुढेमागे, फळी जॅकखाली. पान्याला लोखंडी पाइप लावून लांबी वाढवली आणि चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले. मग गाडी उचलली. काढलेले चाक त्यांनी गाडीखाली आडवे सरकवले, जॅक निसटलाच तर गाडी त्यावर बसावी म्हणून. खाणीवर हे सगळ्यांना ठाऊक होते. आता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कोणी शिकवत नाही.

तेव्हापासून मी टायरवाल्याला बजावतो: गन हवी तर नट काढताना वापर, बसवताना हाताने फिरव आणि शेवटचा ताण टॉर्क रेंचने दे, समोरासमोरचे नट आलटून पालटून. काही दुकानदार वैतागतात. वैतागू द्या. रेंच नसेल तर स्वतःचा घ्या. अर्धा इंची चौकोनाचा, ठरलेल्या ताणाला ‘टक्’ करणारा. नट सोडवायला तो कधी वापरू नका आणि काम झाले की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. चाक बदलल्यावर शंभरेक किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासा.

गाडीखाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको, घोड्या म्हणजे आधाराचे स्टँड लावा. हे मी गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या पोरांनाही सांगतो.

विजेच्या गाड्यांना माझा विरोध नाही. पेडण्यात मोपाच्या विमानतळापर्यंत जाऊन यायला तर त्या उत्तमच. पण अशी गाडी घेणार असाल, तर पूर्ण आकाराची स्टेपनी वेगळी मिळते का आणि डिकीत ती बांधायला जागा आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. जाड टायरांच्या गाडीला पातळ स्टेपनी दिली असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. बहुतेकींवर ताशी 80 किलोमीटर असते. ती घेऊन चोर्ला घाट चढायला जाऊ नका.

आणि आज घरात गाडी उभी असेल, तर स्टेपनी बाहेर काढून तिची तारीख वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर जुने होते. हवा भरताना पाचवे चाकही दाखवा, जॅकला फळी जोडा, पाना घेऊन एक नट तरी स्वतःच्या हाताने सुटतो का पाहा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पाहायला लावा.