बाळाचे शब्द

तुमच्या घरी अगर शेजारी दीड-दोन वर्षांचे एखादे मूल असेल, तर त्याच्याकडे एकदा बारकाईने पाहा. ‘चिऊ कुठे आहे?’ असे विचारताच ते खिडकीकडे वळते. ‘नाक दाखव’ म्हटले की इवलेसे बोट नाकाला लावते. त्याला पुरते बोलता येत नाही. परंतु तुमचे कितीतरी बोलणे त्याला कळते. हे शब्द त्याला कोणी शिकविले? आपणांस परभाषेतील शब्द अडला, तर आपण शब्दकोश उघडतो किंवा गुरुजींना विचारतो. बाळाला ती सोय नाही. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांनी सांगावा, तर ते दुसरे शब्दही त्याला अजून यावयाचेच असतात!

हे कोडे आपल्या देशातील प्राचीन पंडितांनाही पडले होते. मीमांसक, नैयायिक आणि साहित्यशास्त्रकार यांनी त्याचा पुष्कळ खल केला, आणि त्यासाठी एक साधे घरगुती उदाहरण घेतले. एक वडील गृहस्थ घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाला म्हणतात, ‘गाय आण.’ तो उठतो आणि गाय घेऊन येतो. जवळच एक मूल बसलेले आहे. त्याला यांतला एकही शब्द ठाऊक नाही. पण ते बोलणे आणि ही कृती यांचा काहीतरी संबंध आहे, एवढे ते ताडते. त्या बोलण्यातील कोणता भाग जनावराचा आणि कोणता आणण्याचा, हे मात्र त्याला उमगत नाही. सारे वाक्य बांधलेल्या गाठोड्यासारखे त्याच्यापुढे पडलेले असते.

पुढे केव्हातरी तेच गृहस्थ म्हणतात, ‘गाय बांध.’ आता जनावर तेच आहे, पण कृती निराळी झाली. आणखी एकदा ते म्हणतात, ‘घोडा आण.’ आता कृती पहिलीच, पण जनावर बदलले. एक शब्द गेला की प्रसंगातील एक गोष्ट जाते. दुसरा शब्द आला की दुसरी गोष्ट येते. अशा रीतीने गाठोड्याची गाठ सुटते आणि ‘गाय’ कोणती व ‘आण’ म्हणजे काय, हे मुलाच्या ध्यानात येते. शब्द घालण्याला त्या पंडितांनी ‘आवाप’ म्हटले आणि काढण्याला ‘उद्वाप’. वडीलधाऱ्यांचे बोलणेचालणे पाहून अर्थ समजणे, याला त्यांनी नाव दिले ‘वृद्धव्यवहार’. या उदाहरणातील एक गोष्ट मला विशेष मार्मिक वाटते. मुलाला तेथे कोणीच शिकवीत नाही. मोठी माणसे आपापल्या कामात आहेत. शिकण्याचे सारे काम ते मूल एका बाजूस बसून स्वतःच करीत आहे.

तरीही एक अडचण राहतेच. गाय समोर आली, हे खरे. पण ‘गाय’ हा शब्द त्या सबंध जनावराचा, की त्याच्या शिंगांचा, की पांढऱ्या रंगाचा? क्वाइन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६० साली हीच शंका दुसऱ्या उदाहरणाने मांडली. समजा, तुम्ही एका अगदी अनोळखी भाषेच्या प्रदेशात गेला आहात. समोरून ससा पळत जातो आणि तेथील माणूस ‘गावागाई’ असे उद्गारतो. हे सशाचे नाव, की पळण्याचे, की आणखी कशाचे? एकदा ऐकून हे निश्चित सांगणे तर्काने शक्य नाही.

बाळ मात्र तर्काची वाट पाहत बसत नाही. नवा शब्द बहुधा सबंध वस्तूचाच असणार, असे ते धरून चालते. शिवाय बोलणाऱ्याची नजर कोठे आहे, इकडेही त्याचे लक्ष असते. त्याच्या हातात खुळखुळा असला, तरी आई कोपऱ्यातील भोवऱ्याकडे पाहून ‘भोवरा’ म्हणाली, तर हा शब्द भोवऱ्याचा, हे ते बरोबर ओळखते. एक प्रयोग तुम्हांलाही करता येईल. तीन वर्षांच्या मुलापुढे एक चमचा आणि त्याने कधी न पाहिलेले नरसाळे ठेवा, व ‘मला टिमुक दे’ असे म्हणा. ‘टिमुक’ हा शब्द कोणत्याही कोशात नाही. तरी मूल बहुधा नरसाळेच उचलून देईल. चमच्याला नाव आहे, तेव्हा हे नवे नाव दुसऱ्याचे असले पाहिजे, असा त्याचा हिशेब!

सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट या दोन विदुषींनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही असाच होता. एका बालवाडीत शिक्षिकेने दोन तबकांकडे बोट दाखवून सहज म्हटले, ‘ते क्रोमियम तबक आण, निळे नव्हे, क्रोमियम.’ त्या तबकाचा रंग शेवाळी होता. क्रोमियम हे एका धातूचे नाव. पण मुलांनी तो शब्द ऐकलेला नव्हता. त्यांनी शेवाळी तबक आणून दिले. सुमारे आठवड्यानंतर पाहिले, तेव्हा हा शब्द कोणत्यातरी रंगाचा आहे, इतके अनेक मुलांच्या ध्यानात राहिले होते. एकदा ऐकून शब्दाचा धागा हाती येतो. पण संपूर्ण अर्थ पक्का होण्यास पुष्कळ काळ जातो.

मधल्या काळात मोठ्या मौजा घडतात. आपल्याकडे कित्येक मुले शेळीलाही ‘भूभू’ म्हणतात. चार्ल्स डार्विन यांच्या एका नातवंडाने तर कमालच केली. पाण्यात पोहणाऱ्या बदकाला ते ‘क्वॅक’ म्हणू लागले. मग पाणीही ‘क्वॅक’ झाले, सारे पक्षी आणि किडेही ‘क्वॅक’ झाले. पुढे एका नाण्यावर गरुडाचे चित्र दिसले, आणि तेव्हापासून सर्व नाणी ‘क्वॅक’! आपण हसतो खरे. पण बदकापासून नाण्यापर्यंतची प्रत्येक पायरी कशी विचारपूर्वक चढली आहे, ते पाहा.

परंतु ज्या मुलाला आवाजच ऐकू येत नाही आणि समोरची गायही दिसत नाही, त्याने काय करावे? हेलन केलर ही अमेरिकेतील मुलगी १८८० साली जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना एका दुखण्याने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. मार्च १८८७ मध्ये ॲनी सुलिव्हन ही अवघ्या वीस वर्षांची शिक्षिका तिच्या घरी आली. हेलनच्या तळहातात बोटांच्या खुणांनी अक्षरे उमटवून ती तिला शब्द शिकवू लागली. महिनाअखेर हेलनला अठरा नामे आणि तीन क्रियापदे आली. पण ‘पेला’ आणि ‘पाणी’ यांत तिची सारखी गल्लत होई. दोन्ही वस्तू नेहमी एकत्रच तिच्या हाती येत. मग कोणते नाव कोणाचे, हे तिने कसे ठरवावे?

५ एप्रिल रोजी ॲनी तिला पंपाशी घेऊन गेली. हेलनने एका हातात पेला धरला. ॲनीने पंप चालविताच थंड पाण्याची धार पेला भरून तिच्या हातावरून वाहू लागली, आणि त्याच क्षणी दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे उमटली. पेल्यापासून पाणी वेगळे झाले! हेलन थबकली, तिचा चेहरा उजळला. तिने तो शब्द कितीदातरी स्वतःच्या बोटांनी उमटविला. मग खाली बसून जमिनीचे नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि वळून शिक्षिकेचेही विचारले. काही तासांतच तिला तीस नवे शब्द आले.

यानंतर ॲनीने हेलनच्या एका चुलत-मावस नात्यातील पंधरा महिन्यांच्या मुलीचे निरीक्षण केले. तिला धडे कोणी देत नव्हते. घरातील बोलणे मात्र दिवसभर तिच्या कानी पडत होते. ते पाहून ॲनीने ठराविक वेळेचे धडे बंद केले. बाळाच्या कानात आपण जसे बोलत राहतो, तसे हेलनच्या हातात बोलावयाचे, असा तिने निश्चय केला. सुटे शब्द नव्हेत, तर पुरी वाक्ये. त्यांतले काही कळो, काही न कळो. त्या महिन्याच्या २४ तारखेच्या पत्रात तिने कळविले, की हेलनला आता शंभरांहून अधिक शब्दांचे अर्थ कळतात आणि ती रोज नवे शिकत आहे.