थंडी आणि तयारी
(लेह, जैसलमेर व सावनेर येथील हिवाळ्याचा तुलनात्मक पाठ : इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

हिवाळ्याचा पाठ घेताना आपण बहुधा बर्फाच्छादित पर्वताचे चित्र दाखवून आरंभ करतो. मुलांना ते चित्र आवडते. परंतु ‘तिकडे थंडी फार, वाळवंटात उष्णता फार, आपल्याकडे दोन्ही बेताचे’ एवढेच वाक्य त्यांच्या वहीत उतरते आणि पाठ संपतो. हे वाक्य अपुरे तर आहेच, शिवाय काही अंशी चुकीचेही आहे. फरकांची यादी म्हणजे तुलना नव्हे. फरक कशामुळे पडला आणि त्याला तोंड देण्यासाठी माणसाने काय योजना केली, हे मुलांना उमगले म्हणजे तुलना पुरी होते. या दृष्टीने लडाखमधील लेह, राजस्थानच्या वाळवंटातील जैसलमेर आणि आपले सावनेर अशी तीन गावे या पाठासाठी घेतली आहेत. तिन्ही आपल्याच देशातील असल्याने नकाशावर ती मुलांकडूनच शोधून घेता येतील.

पाठाचे उद्देश

(१) अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि हवेतील बाष्प यांचा थंडीशी असलेला संबंध मुलांना समजावा. (२) ‘वाळवंट’ या शब्दाचा अर्थ उष्ण प्रदेश असा नसून पावसाला पारखा झालेला प्रदेश असा आहे, हे ध्यानात यावे. (३) थंडीचा त्रास केवळ तापमानावर नव्हे, तर तिच्यासाठी केलेल्या तयारीवर अवलंबून असतो, हे मुलांनी स्वतःच्या घरावरून ताडून पाहावे.

आरंभ : आपला हिवाळा

पाठाच्या आधी एक आठवडा मुलांकडून तापमानाची नोंद करवून घ्यावी. शाळेत तापमापक असल्यास तो सावलीत टांगून सकाळी शाळा भरताना व दुपारी दोन वाजता वाचावा. नसल्यास वर्तमानपत्रातील किंवा भ्रमणध्वनीवरील नागपूरचे आकडे घ्यावेत. जानेवारीत नागपूरकडे दुपारी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास व पहाटे १२-१३ अंश असे तापमान साधारणपणे असते. परंतु उत्तरेकडील कोरडे, थंड वारे वाहू लागले की पारा झपाट्याने खाली येतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे ३.५ अंश इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झाली होती. ज्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला, त्याच नागपुरातील हा आकडा आहे. समुद्र दूर असल्यामुळे आपल्या भागात उन्हाळा व हिवाळा दोन्ही तीव्र होतात, हे येथेच सांगावे.

त्यानंतर मुलांना विचारावे : हिवाळा आला हे तुम्हांस कशावरून कळते? कोलार नदीवरचे पहाटेचे धुके, अंगणातील शेकोटी, ज्वारीचा हुरडा, शेतातील रोडगे, कापसाची वेचणी, हरभऱ्याचे घाटे, अशी उत्तरे येतील. संत्र्याची बाग असलेल्या घरातील मूल म्हणेल, ‘बागेला ताण दिला आहे.’ हे उत्तर मोलाचे आहे. आंबिया बहार धरण्यासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांचे पाणी तोडतात. थंडी आणि ताण यांमुळे झाडाची वाढ थांबते व पुढे पाणी दिले की फुले येतात. म्हणजे आपला शेतकरी थंडी नुसती सोसत नाही, तर तिच्याकडून काम करवून घेतो. पुढे लेह व जैसलमेर येथेही हाच प्रकार दिसावयाचा आहे. म्हणून हे उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे.

फळ्यावरील तक्ता

सावनेर : अक्षांश सुमारे २१, उंची सुमारे ३०० मीटर, वार्षिक पाऊस १,००० मिलिमीटरच्या आसपास, जानेवारीत दुपारी २८, पहाटे १२-१३ अंश (नागपूरच्या नोंदीवरून).
जैसलमेर : अक्षांश सुमारे २७, उंची सुमारे २२५ मीटर, वार्षिक पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास; जानेवारीत दुपारी २४, पहाटे ७-८ अंश, काही रात्री त्याहून बरेच कमी.
लेह : अक्षांश सुमारे ३४, उंची सुमारे ३,५०० मीटर, वार्षिक पाऊस व हिम मिळून १०० मिलिमीटरच्या आसपास; जानेवारीत दुपारीही शून्याच्या जवळपास, पहाटे उणे १० ते उणे १५ अंश.

हा तक्ता वाचून दाखवू नये. मुलांनाच त्यातून निष्कर्ष काढू द्यावेत. सर्वांत कमी पाऊस कोठे, असे विचारताच वर्ग जैसलमेरकडे बोट दाखवील. मग आकडे पाहावयास सांगावे. लेहमध्ये जैसलमेरहूनही कमी पाऊस पडतो, हे कळल्यावर मुलांना नवल वाटेल. हिमालयाच्या उंच रांगा मान्सूनचे वारे अडवितात, म्हणून लडाख हे बर्फाच्या शेजारचे असूनही वाळवंटच आहे. त्यास शीत वाळवंट म्हणतात. उलट, राजस्थानच्या वाळवंटातही कडाक्याची थंडी पडते. चुरू या शहरात जून २०१९ मध्ये तापमान ५० अंशांच्या वर गेले होते. त्याच शहरात हिवाळ्यातील काही रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो.

कारणे : तीन सोपे प्रयोग

पहिला प्रयोग सावलीचा. २२ डिसेंबरच्या सुमारास सपाट जागी एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. सावनेर येथे त्या दिवसांत घड्याळात बारा वाजून बारा-तेरा मिनिटे झाली म्हणजे सूर्य माथ्यावरील मार्गाच्या मध्यावर येतो. त्या क्षणी सावली मोजावी. ती जवळजवळ काठीएवढीच, म्हणजे एक मीटर भरेल. मध्यान्हीच्या वेळी तशीच काठी जैसलमेर येथे सुमारे १२० सेंटिमीटर व लेह येथे सुमारे १५८ सेंटिमीटर सावली पाडील. जितके उत्तरेस जावे, तितके ऊन तिरपे होते, तेच ऊन अधिक जागेवर पसरते आणि त्याची ऊब कमी पडते. दिवसही लहान होतो. त्या दिवशी लेहचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे एक तासाने लहान असतो.

दुसरा प्रयोग हिशेबाचा. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी घटते. सावनेर व लेह यांच्या उंचीत सुमारे ३,२०० मीटरचे अंतर आहे. केवळ उंचीमुळे किती अंशांचा फरक पडेल, हे मुलांनी पाटीवर काढावे. उत्तर वीस अंशांच्या थोडे वर येईल. गणिताचा तासही यातच साधतो.

तिसरा प्रयोग वाळूचा. एका भांड्यात कोरडी वाळू व दुसऱ्यात तितकेच पाणी घेऊन दोन्ही उन्हात ठेवावीत, मग सावलीत आणावीत. वाळूचा पृष्ठभाग लवकर तापतो आणि लवकर निवतो, हे हाताला कळते. वाळवंटात जमीन अशी, आणि हवेत बाष्प व आकाशात ढग नाहीत. म्हणून दिवसाची उष्णता रात्री रोखून धरावयास काहीच उरत नाही. आपल्याकडेही आभाळ आलेल्या रात्री थंडी कमी वाटते, हा मुलांचा नेहमीचा अनुभव येथे जोडून द्यावा.

लोकजीवन : घर, अन्न आणि पाणी

लेहमधील जुन्या पद्धतीच्या घराच्या भिंती उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या व जाड असतात. खिडक्या शक्य तो दक्षिणेकडे ठेवतात, म्हणजे कललेले ऊन थेट घरात शिरते. खालच्या मजल्यावर गुरे बांधतात. पाऊस कमी असल्याने छप्पर सपाट असते व त्यावर चारा आणि सरपण रचून ठेवतात. खोलीत ‘बुखारी’ नावाची लोखंडी शेगडी असते. तिला धूर बाहेर नेणारे नळकांडे जोडलेले असते. अंगात लोकरीचा जाड, लांब ‘गोंचा’. आहारात भाजलेल्या जवाचे पीठ, गरम थुक्पा आणि लोणी व मीठ घातलेला चहा. बटाटे, गाजरे, सलगम जमिनीतील खड्ड्यांत पुरून ठेवतात. जर्दाळू उन्हाळ्यातच वाळवितात. बर्फामुळे झोजी खिंडीतील रस्ता हिवाळ्यात बंद पडतो, म्हणून ही सगळी साठवण आधीच करावी लागते. शाळांची मोठी सुट्टीदेखील तेथे हिवाळ्यात असते.

जैसलमेर हे ११५६ साली रावळ जैसल याने वसविले. पिवळ्या वालुकाश्माच्या जाड भिंती व अरुंद गल्ल्या यांनी ते ओळखले जाते. ही रचना उन्हाळ्याला तोंड देण्यासाठी आहे. अरुंद गल्ली सावली देते आणि जाड भिंत दुपारची झळ आत येऊ देत नाही. हिवाळ्यात मात्र तीच सावली उबेच्या आड येते, आणि माणसाला उन्हासाठी गच्चीवर किंवा चौकात जावे लागते. तरीही दिवसा ऊन सुखावह असल्याने तेथील वर्दळीचा ऋतू हिवाळाच. प्रवासी याच दिवसांत येतात आणि माघ महिन्यात मरु-महोत्सव भरतो. लेहमध्ये ज्या ऋतूत माणूस घरात बसतो, त्याच ऋतूत जैसलमेर येथे तो बाहेर पडतो. हा विरोध मुलांकडून वदवून घ्यावा.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही ठिकाणच्या माणसांनी एकच विचार केला आहे. लडाखमध्ये पेरणीच्या वेळी, वसंत ऋतूत, पाणी कमी पडते. कारण हिमनद्या उशिरा वितळतात. म्हणून २०१३-१४ च्या हिवाळ्यापासून तेथे ‘बर्फाचे स्तूप’ उभारण्याचा उपक्रम सुरू झाला. वरच्या ओढ्याचे पाणी नळाने खाली आणून ते थंडीत उंच उडवितात. पाणी गोठून शंकूच्या आकाराचा ढीग तयार होतो. शंकूला ऊन कमी भागावर लागते, त्यामुळे तो सावकाश वितळून पेरणीला पाणी पुरवितो. जैसलमेरकडे ‘खडीन’ ही शेकडो वर्षांची रीत आहे. उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालून पावसाळ्याचे पाणी अडवितात, ते जमिनीत मुरू देतात आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू व हरभरा घेतात. एकाने हिवाळ्याचे पाणी वसंतासाठी राखले, दुसऱ्याने पावसाळ्याचे पाणी हिवाळ्यासाठी. येथे फळ्याच्या कोपऱ्यातील ‘ताण’ हा शब्द पुन्हा दाखवावा व आपल्या गावातील शेततळ्याचे काम कोणते, हे विचारावे.

पाठाचा गाभा

आता मुलांपुढे हा प्रश्न ठेवावा : लेहमध्ये उणे दहा अंशांच्या रात्री बुखारीजवळ गोंचा घालून बसलेल्या मुलाला थंडी अधिक बाधेल, की आपल्याकडे आठ अंशांच्या पहाटे पातळ सदऱ्यावर शाळेत आलेल्या मुलास? उत्तर देण्याची घाई करू नये. आपली घरेही जैसलमेरप्रमाणे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली असतात. कवेलूच्या फटींतून वारा येतो. टिनाचे छप्पर रात्री झपाट्याने निवते. थंडीचे दिवस थोडे, म्हणून तयारीही थोडी; आणि म्हणूनच ते थोडे दिवस लहान मुले, वृद्ध व उघड्यावर काम करणारे मजूर यांना जड जातात. थंडी तापमापकावर मोजली जाते, पण तिचा त्रास घरातील पांघरुणांवर ठरतो, हे चौथीच्या मुलासही समजते.

येथे एक धोक्याची सूचना अवश्य द्यावी. आपल्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत आणि पुष्कळ घरांत कोळसा किंवा लाकडाचे निखारे उबेसाठी वापरले जातात. दारे-खिडक्या बंद करून पेटती शेगडी जवळ ठेवून झोपू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्यास वास नाही, आणि तो झोपेतच प्राण घेतो. बुखारीला नळकांडे का असते, याचे उत्तर मुलांना येथे आपोआप सापडेल. ही गोष्ट त्यांनी त्याच दिवशी घरी सांगावी.

हा पाठ घेताना शिक्षकाने एक पथ्य पाळावे. ‘तुमच्याकडे स्वेटर आहे का?’ असा प्रश्न भर वर्गात विचारू नये. ज्याच्याकडे नाही, त्यास तो लागतो. कोण कुडकुडत येतो, हे आपण नुसते पाहिले तरी कळते. अशा मुलांची नोंद दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, गाजावाजा न करता करावी आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. कडाक्याच्या दिवसांत पहिला तास उन्हात, अंगणात घ्यावा. थंडीमुळे उशीर झालेल्या लहान मुलास दारात उभे करू नये.

स्वाध्याय

(१) लेह व जैसलमेर यांत कोणते एक साम्य आहे? ते कोणत्या आकड्यावरून कळते?
(२) लेहच्या घराच्या खिडक्या दक्षिणेकडे का असतात? आपल्या शाळेत सकाळचे ऊन कोणत्या बाजूने येते?
(३) बर्फाचा स्तूप, खडीन आणि शेततळे यांत कोणाचे पाणी कोणत्या ऋतूसाठी राखले जाते, त्याचा तक्ता करा.
(४) घरातील आजी-आजोबांना विचारून लिहा : त्यांच्या लहानपणी हिवाळ्यासाठी कोणती तयारी आधी करून ठेवीत? त्यांतील काय आज राहिले आहे?
(५) गावात लडाख किंवा राजस्थानात नोकरी केलेले सैनिक असल्यास त्यांना शाळेत बोलवा आणि तेथील हिवाळ्याविषयी पाच प्रश्न तयार ठेवा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गात मोठ्याने वाचून घ्यावीत. गोधडी कशी शिवत, गोवऱ्या केव्हा थापून ठेवीत, जनावरांच्या अंगावर पोते का बांधीत, अशा गोष्टी त्यांतून निघतील. त्या तक्त्याच्या चौथ्या रकान्यात ‘सावनेरची तयारी’ म्हणून मुलांनी स्वतःच्या अक्षरांत लिहाव्यात.