आधी गिअरबॉक्स, मग इंजिन

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ॲव्हरेजचा आणि दुसरा रंगाचा. हल्ली त्यात दोन नवे प्रश्न आले आहेत. टर्बो घेऊ का? आणि ऑटोमॅटिक घेऊ का? लोक हे दोन प्रश्न सुटे सुटे विचारतात, शोरूममध्ये उत्तरंही सुटी सुटी मिळतात. माझ्या लेखी हा एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर ब्रोशरमध्ये सापडत नाही, ते तुमच्या रोजच्या रस्त्यावर असतं. हे मला एका लहान टर्बो पेट्रोल गाडीने शिकवलं आणि त्या शिकवणीची फी लाखाच्या वर गेली.

माझं घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीला, गाव चिपळूणजवळ आणि लेक ठाण्यात. म्हणजे रोज चांदणी चौकापासून पुढे मुंगीच्या पावलांनी, सुट्टीत कुंभार्ली आणि अधूनमधून बोरघाट. गाडीला एक लिटरचं टर्बो इंजिन आणि सात गिअरचा ड्युअल क्लच. मोकळ्या रस्त्यावर तिच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. सातारा रोडला ओव्हरटेक करताना पाय जरा दाबला की गाडी उसळी घ्यायची, गिअर कधी पडला ते कळायचंही नाही.

मग एका लाँग वीकेंडच्या शनिवारी सकाळी ठाण्याहून पुण्याला निघालो. अख्खी मुंबई लोणावळ्याला चाललेली. खोपोलीच्या पुढे चढावर गाड्या दोन-तीन फूट सरकायच्या आणि थांबायच्या. असं बराच वेळ चाललं. मग गाडी सुटताना थरथरायला लागली, आत करपल्यासारखा वास आला आणि डिस्प्लेवर सूचना उमटली: गिअरबॉक्स गरम झाला आहे, गाडी सुरक्षित जागी थांबवा. घाटात, डावीकडे ट्रक घरघरत असताना सुरक्षित जागा कुठली ते मात्र डिस्प्ले सांगत नाही. कशीबशी कडेला घेतली. गार झाल्यावर ती मुकाट चालू लागली. पण त्यानंतर हिंजवडीच्या गर्दीतही फर्स्ट-सेकंडला हिसके बसू लागले. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "नॉर्मल आहे सर, या गाड्यांचं असंच असतं." वॉरंटी संपली आणि मग ते नॉर्मल राहिलं नाही.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. क्लचचा जोड टेबलावर ठेवला तेव्हा पोलादाच्या पृष्ठभागावर निळे-जांभळे चट्टे होते. लोखंड तापून रंग बदलतं, तसे. प्लेटच्या अस्तरावरून नख फिरवलं तर ते काचेवरून सरकावं तसं सरकत होतं. फडक्याने पुसल्यावर काळी भुकटी निघाली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, गाडी वाईट नाही. तुमचा रस्ता तिला मानवत नाही."

त्याचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून बदल इतका झटकन होतो. यात दोन जाती आहेत. ओला क्लच तेलात बुडालेला असतो, तेल उष्णता वाहून नेतं. कोरड्या क्लचला फक्त हवेचा आधार. गर्दीत गाडी रांगते तेव्हा संगणक आपल्या वतीने हाफ क्लच वापरत असतो, आणि हाफ क्लच म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता. त्यात इंजिन लहान टर्बो असेल तर भर पडते. टर्बो जागा होण्याआधी अशा इंजिनात दम कमी असतो, त्यामुळे चढावर गाडी सोडताना क्लचला जास्त वेळ घसरावं लागतं. चढ, गर्दी, लहान टर्बो आणि कोरडा क्लच ही चौकडी एकत्र आली की काय होतं, ते टेबलावर दिसत होतं. मालकाच्या पुस्तिकेत हा इशारा छापलेला असतो. विकताना तो कोणी वाचून दाखवत नाही.

लहान टर्बो इंजिनं आपल्याकडे इतकी बोकाळली ती करामुळे. चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर गाडी 'लहान' धरली जाते. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठीवर ४०. त्याआधीही लहान गाडीला कर कमीच होता, म्हणून कंपन्यांनी इंजिन लहान ठेवलं आणि ताकद टर्बोतून आणली. फ्रॉन्क्सचं एक लिटरचं टर्बो इंजिन १०० पीएस देतं, नेक्सॉनचं १.२ लिटरचं १२० पीएस. साध्या १.२ लिटर इंजिनाकडून ८०-९० पीएसच्या पलीकडे फारसं मिळत नाही.

टर्बो काम कसं करतो? एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त ताकद. पण पंखा फिरायला आधी पुरेसा वायू लागतो, म्हणून साधारण १५०० ते १८०० आरपीएमच्या खाली गाडी मंद वाटते. जुनी डिझेल स्विफ्ट चालवलेल्यांना हे सांगायला नको. दोन हजारांपर्यंत पेंगायची आणि मग एकदम सुसाट सुटायची.

म्हणून टर्बो गाडी घाटात चालवायची रीत वेगळी. कुंभार्लीच्या आवळ वळणावर वेग पडला की वरच्या गिअरमध्ये पाय दाबून काही होत नाही. वळणाच्या आधीच गिअर उतरवा आणि आरपीएम दोन हजारांच्या आसपास राखा. ऑटोमॅटिक असेल तर स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड घ्या. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला पूर्ण पाय दाबण्याची सवय टर्बो पेट्रोल इंजिनाला घातकच असते. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनात अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं आणि पिस्टनला इजा होते.

टर्बोचा खरा फायदा उंचीवर दिसतो. वर जावं तशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्के घटते. टर्बो ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. लडाखला जाणाऱ्यांना ते लगेच जाणवतं, पसरणी घाटातून महाबळेश्वरला जातानाही थोडं जाणवतं. ॲव्हरेजच्या आकड्यावर मात्र भाळू नका. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, हलक्या पायाने, ताशी ९० किलोमीटरच्या आत राहून काढलेला असतो. तिथे टर्बोला कष्ट पडत नाहीत. रस्त्यावर त्याची मजा घेतली की पेट्रोल जातंच.

आता गिअरबॉक्सकडे येऊ. रोज गर्दी आणि हाताशी बजेट बेताचं असेल तर एएमटी. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओने तो आणला. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स आणि एकच क्लच, फक्त काम यंत्र करतं. गिअर पडताना मान पुढे-मागे होते, ओव्हरटेकला क्षणभर अडखळतो. पण क्लच बदलायचा खर्च झेपण्यासारखा असतो. हिल होल्ड असलेलाच घ्या.

शहर जास्त, घाट कमी आणि घरात वयस्कर माणसं असतील तर सीव्हीटी. होंडा सिटीत तो आहे, मॅग्नाइटच्या टर्बोलाही मिळतो. यात ठरीव गिअरच नसतात. दोन पुलींवर पट्टा फिरतो, त्यामुळे धक्का नाही. जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी मागून निवांत येते, तेवढं चालवून घ्यावं लागतं.

गर्दीही आणि घाटही, असा माझ्यासारखा संमिश्र रस्ता असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं आणि जोर तेलातून जातो. चढावर रांगताना झिजायला तिथे क्लच प्लेट नाही. ॲव्हरेज थोडं कमी देतो, पण मार सोसतो. फ्रॉन्क्स टर्बो, एक लिटरचा कुशाक, थ्रीएक्सओ यांत टॉर्क कन्व्हर्टर मिळतो. टर्बोची सुरुवातीची मरगळही तो बरीच झाकतो.

ड्युअल क्लच घ्यायचा असेल तर पहिला प्रश्न एकच: ओला की कोरडा? नेक्सॉनसारख्या काही गाड्यांत ओला येतो. कोरडाच असेल आणि रस्ता बहुतेक मोकळा असेल तर खुशाल घ्या, चालवण्यातली मजा त्यात आहे. गर्दीत पुढच्या गाडीमागे फूट-फूट सरकू नका, गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम पुढे घ्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. वॉरंटी वाढवून घ्या आणि क्लच त्यात येतो का ते लेखी विचारा. आणि मॅन्युअल? घाट जास्त, गर्दी कमी आणि डावा गुडघा शाबूत असेल तर टर्बोबरोबर आजही त्याच्याइतका भरवशाचा जोडीदार नाही.

टर्बोची देखभाल तीन सवयींत येते. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं ऑइल वापरा आणि गाडी कमी चालली तरी मुदतीत बदला. महिन्यातून एकदा, इंजिन गार असताना डिपस्टिक काढून पातळी पाहा. आणि घाट चढून वर चहाला थांबलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल करपून त्याची खरपुडी धरते आणि पुढे तेलाची वाट अरुंद होते.

शेवटी टेस्ट ड्राइव्हबद्दल. शोरूमवाले सकाळी अकराला मोकळ्या रस्त्यावरून पाच मिनिटं फिरवून आणतात. त्याने काहीही कळत नाही. तुमच्या ऑफिस सुटायच्या वेळी, तुमच्याच रस्त्यावर, चार माणसं बसवून आणि एसी चालू ठेवून चालवायला गाडी मागा. एखाद्या चढावर थांबवा आणि पुन्हा सोडा. मागे येते का, थरथरते का, पाय दाबल्यावर किती वेळाने हलते, ते बघा. जो विक्रेता एवढंही करू देणार नाही त्याच्याकडे बुकिंगचे पैसे भरू नका.